मातीवरून हार्ड कोर्टवर आलं की चवडा का दुखतो?

क्लब_कोच: १४-१५ वर्षांची मुलं वर्षभर लाल मातीवर टेनिस खेळतात. पुण्यात बालेवाडीला स्पर्धा असली की १५ दिवस आधी हार्ड कोर्टवर सराव सुरू होतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी चवडा, अंगठा दुखायला लागतो. बूट तेच, तासही तेच. कोर्टामुळे पायावरचा भार इतका बदलतो का?

फिजिओ_पुणे: बदलतो, आणि मुख्य म्हणजे तो जागा बदलतो. बुटात सेन्सरचे इनसोल घालून केलेल्या मोजमापांत हार्ड कोर्टवर अंगठा आणि बोटांखालचा वाटा वाढलेला दिसतो. मातीवर तळव्याच्या मधल्या भागाचा. मातीवर वरचा विटांचा चुरा बुटाखाली सरकतो आणि धावण्याचा वेग त्या घसरण्यात जिरतो. हार्ड कोर्टच्या अ‍ॅक्रिलिक थरावर बूट जागीच थांबतो, पण आतला पाय पुढे जातच असतो. त्याला रोखतात बोटं आणि चवडा. नखाखाली रक्त साकळतं तेही यामुळेच.

दोरी_आणि_तळ: "बूट तेच" इथेच घोळ आहे. क्लेच्या, म्हणजे मातीच्या कोर्टच्या बुटाला संपूर्ण तळभर नागमोडी खाचा असतात. हार्डवर तो तळ लवकर झिजतो. हार्डसाठी वेगळी जोडी घ्याच. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे १ सेंमी जागा हवी, मोजे घालून आणि उभं राहून मोजायची. लेस शेवटच्या भोकातून लूप करून आवळा, म्हणजे टाच मागे बसते आणि पाय पुढे सरकत नाही. मेटाटार्सल पॅड (चवड्याला आधार देणारी छोटी गादी) लावलात तर तो दुखऱ्या जागेच्या किंचित मागे हवा. नेमका हाडाखाली आला तर दुखणं वाढतं. धावण्याचे बूट मात्र नकोत, आडव्या हालचालीत त्यांची कड धरत नाही.

क्लब_कोच: मग वेगवान कोर्ट म्हणजे पायाला जास्त त्रास, असं समजायचं का?

फिजिओ_पुणे: नाही. आयटीएफचे (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचे) कोर्टाच्या वेगाचे ५ वर्ग चेंडू उसळल्यावर किती मंदावतो ते सांगतात. बूट किती चिकटतो, खालचा थर किती कठीण आहे, हे त्यातून कळत नाही.

१५ दिवसांचं म्हणाल तर पहिले ५ दिवस एक दिवसाआड ४० मिनिटं हार्डवर, उरलेला सराव मातीवर. पुढचे ५ दिवस ६० ते ७५ मिनिटं, सलग दोन दिवसांपेक्षा जास्त नाही. पूर्ण सत्रं शेवटच्या ५ दिवसांतच. आडवे लांब धावून थांबायचे ड्रिल पहिल्या टप्प्यात वगळा. सुरुवातीलाच ते लावले जातात आणि तिथेच पाय बिघडतो. थांबताना एका मोठ्या पावलाऐवजी दोन-तीन छोटी पावलं टाकायला शिकवा. सोबत बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून एका पायावर टाच उचलणं, १२ चे ३ सेट, एक दिवसाआड.

दोरी_आणि_तळ: मातीवर परतताना उलटी काळजी घ्या. सवयीने वजन बोटांवर राहिलं तर घसरताना पाय रुततो आणि घोटा मुरगळतो. कोरड्या कोर्टला पाणी मारून, ब्रश फिरवूनच घसरण्याचा सराव घ्या. प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या रेषांवर चुरा साचू देऊ नका.

फिजिओ_पुणे: एक अपवाद. पायाच्या वरच्या बाजूला बोटाच्या टोकाएवढ्या जागी हाडावर दाबल्यावर दुखत असेल, किंवा विश्रांतीतही ठणकत असेल, तर खेळ त्याच दिवशी थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. ताणामुळे पडलेली चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये बरेचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून मुलाला कोर्टवर उतरवू नका.