फुल स्टॅक डेव्हलपर व्हायचंय, कोर्स झाले पण स्वतःहून काही बनवता येत नाही. पुढे काय?

कोरी_पाटी:
नमस्कार मंडळी. बरेच महिने एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, मग रिअ‍ॅक्ट, मग नोड आणि एक्सप्रेस असं ओळीने करत आलोय. व्हिडिओ बघताना सगळं कळतं, बघून टाइप केलेलं चालतंही, पण व्हिडिओ बंद करून रिकामी फाइल उघडली की सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही. त्यात रोज कुणीतरी नवीन काहीतरी सांगतं, टाइपस्क्रिप्ट पाहिजेच, डॉकर पाहिजे, क्युबर्नेटिस पाहिजे, डेटाबेस म्हणून मॉन्गो नको पोस्टग्रेस घे, आणि आता तर एआयच कोड लिहितो मग शिकायचं कशाला. मला पहिली नोकरी फुल स्टॅकमध्ये, म्हणजे समोरची स्क्रीन आणि मागचा सर्व्हर-डेटाबेस दोन्ही करायच्या कामात हवीय. प्लीज यादी देऊ नका, याद्या ढीगभर आहेत. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा की मी आत्ता नेमकं काय करू?

धागादोरा:
नवीन शिकणं काही दिवस पूर्ण बंद कर. जेवढं येतंय तेवढ्यावर एकच अ‍ॅप घे आणि ते शेवटपर्यंत ने. उदाहरणार्थ ऑफिसातल्या मीटिंग रूम बुक करायचं अ‍ॅप. लॉगिन, रूमची यादी, बुकिंग, रद्द करणं, बस एवढंच. दिसायला किरकोळ वाटतं पण यात जवळजवळ सगळं येतं.

आणि ते करताना एका बटणाचा पूर्ण प्रवास समजून घे. "बुक करा" दाबलं की ब्राउझर डीएनएसला विचारून सर्व्हरचा पत्ता काढतो, टीसीपी कनेक्शन होतं, त्यावर टीएलएसचं एन्क्रिप्शन, मग एचटीटीपी रिक्वेस्ट जाते, सर्व्हरवर राउट, म्हणजे त्या रिक्वेस्टसाठी लिहिलेला कोड सापडतो, तू कोण आहेस हे कुकी किंवा टोकनवरून तपासलं जातं, डेटाबेसला क्वेरी जाते, उत्तर जेसॉन या मजकुराच्या रूपात परत येतं आणि स्क्रीन बदलते. ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडा ठेवून हे प्रत्यक्ष बघ, हेडर वाच, स्टेटस कोड वाच. ४०१ म्हणजे तू कोण ते सर्व्हरला कळलेलं नाही, ४०३ म्हणजे कळलंय पण परवानगी नाही, ५०२ म्हणजे पुढे उभ्या, रिक्वेस्ट आत पोचवणाऱ्या प्रॉक्सीला मागच्या अ‍ॅपकडून धड उत्तर मिळालं नाही. हे माहीत असेल तर बिघाड कुठल्या थरात आहे ते पटकन कळतं, आणि माझ्या मते फुल स्टॅक माणसाची खरी किंमत तिथेच आहे. सगळ्या थरांत तज्ज्ञ कुणीच नसतं.

क्वेरीवाली:
वरच्या प्रतिसादाला +१, फक्त डेटाबेसवर थोडं जास्त बोलते कारण कोर्समध्ये नेमकं हेच गुंडाळतात.

रूम बुकिंगच घे. तू कोड असा लिहिशील की आधी सिलेक्ट करून (डेटाबेसमधून वाचून) बघ दहाचा स्लॉट रिकामा आहे का, असेल तर इन्सर्ट कर, म्हणजे नवी नोंद टाक. एकट्याने टेस्ट करताना मस्त चालेल. पण दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर दोन्ही रिक्वेस्टना स्लॉट रिकामाच दिसतो आणि दोन्ही इन्सर्ट होतात. जावास्क्रिप्टमध्ये कितीही इफ टाकलेस तरी हे सुटत नाही, कारण तपासणं आणि लिहिणं यांच्यामध्ये फट आहे. याचं उत्तर डेटाबेसमध्ये आहे, रूम, तारीख आणि स्लॉट या तिन्हींवर मिळून युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तेच तीन मिळून दुसऱ्यांदा येऊ न देणारा नियम लाव. मग दुसरं इन्सर्ट पोस्टग्रेस स्वतःच नाकारतो, एरर कोड २३५०५ येतो, तो पकडून तू ४०९ (आधीच्या नोंदीशी टक्कर) हा स्टेटस कोड पाठवायचा आणि स्क्रीनवर सांगायचं की हा स्लॉट आत्ताच गेला. बघ, एका प्रश्नात टेबलापासून बटणापर्यंत सगळे थर आले की नाही!

दुसरं, यादीतल्या प्रत्येक बुकिंगसाठी युजरचं नाव आणायला वेगळी क्वेरी मारू नकोस, दोन टेबलं एकाच क्वेरीत जोडणारं जॉइन शिक. क्वेरी हळू वाटली तर क्वेरी कशी चालली ते दाखवणारं एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ चालव आणि इंडेक्स (शोध पटकन करणारी सूची) वापरला जातोय का ते बघ. आणि एसक्यूएलला, म्हणजे क्वेरी लिहायच्या भाषेला वेळ दे, मनापासून सांगते. रिअ‍ॅक्ट २०१३ ला ओपन सोर्स झालं, एडगर कॉड यांचा डेटा टेबलांत मांडायच्या रिलेशनल मॉडेलवरचा पेपर १९७० चा आहे आणि त्यावर उभं राहिलेलं एसक्यूएल आजही रोज लागतं.

पुढची_बाजू:
मी थोडी वेगळ्या मताची आहे. पहिल्या नोकरीसाठी एक बाजू तरी घट्ट हवी, दोन्हीकडे अर्धंमुर्धं असेल तर मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला लक्षात येतं. आणि फ्रंटएंडला, म्हणजे स्क्रीनच्या बाजूला कमी लेखू नका. डेटा येईपर्यंत काय दिसेल, यादी रिकामी असेल तर काय, एरर आली तर काय, बटण दोनदा दाबलं तर काय, माउसशिवाय फक्त कीबोर्डवर चालतंय का, एवढं ज्याच्या प्रोजेक्टमध्ये नीट असतं तो उमेदवार लगेच वेगळा दिसतो. एचटीएमएलमध्ये बटणासाठी डिव्ह (साधा डबा) वापरू नका, बटणच वापरा, फोकस आणि एंटर आपोआप मिळतात.

सुरक्षेचंही बघा. फॉर्मची तपासणी ब्राउझरमध्ये केली तरी सर्व्हरवर परत करावीच लागते, कारण रिक्वेस्ट कुणीही थेट पाठवू शकतं. पासवर्ड बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ ने हॅश करा (उलटा काढता न येणाऱ्या रूपात ठेवा), क्वेरीत युजरने टाकलेली स्ट्रिंग जोडू नका, ती वेगळी पॅरामीटर म्हणून द्या. आणि एखादी गुप्त की (पासवर्डसारखी चावी) चुकून गिटवर, म्हणजे कोडचे जुने बदल जपणाऱ्या साधनात गेली तर फाइल डिलीट करून भागत नाही, ती हिस्टरीत राहते, म्हणून ती की रद्द करून नवीनच घ्यायची.

कोरी_पाटी:
खूप आभार सगळ्यांचे, युनिक कन्स्ट्रेंटचं तर डोक्यातच नव्हतं. दोनच गोष्टी विचारतो. एआय वापरू की नको? आणि स्लॉट तासाचे ठेवू की कुठलीही वेळ निवडू देऊ?

धागादोरा:
एआय वापर, पण पहिला प्रयत्न तुझा असू दे. अडलास की विचार, आणि आलेल्या कोडमधली प्रत्येक ओळ का आहे हे तुला सांगता आलं तरच ती ठेव, कारण मुलाखतीत तेच विचारणार. अ‍ॅप झालं की एखाद्या सर्व्हरवर चढव, एचटीटीपीएससाठी लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, ते लाव, लॉग बघायला शिक आणि दोनचार ओळखीच्यांना खरंच वापरायला दे. लोक असं काहीतरी दाबतात जे आपण कधी दाबलंच नसतं. सोबत रोज थोडं अ‍ॅरे, स्ट्रिंग, हॅशमॅपचे प्रश्न सोडव, बऱ्याच ठिकाणी पहिली फेरी त्याचीच असते.

क्वेरीवाली:
आधी तासाचेच ठेव. कुठलीही वेळ दिलीस की साडेनऊ ते साडेदहा आणि दहा ते अकरा हे एकमेकांवर येतात आणि साधा युनिक पुरत नाही, त्याला पोस्टग्रेसमध्ये रेंज टाइप आणि एकमेकांवर येणाऱ्या वेळा नाकारणारं एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट आहे, ते दुसऱ्या टप्प्यात कर. रद्द केलेलं बुकिंग डिलीट करणार की नुसतं स्टेटस बदलणार तेही आत्ताच ठरव, नुसतं स्टेटस बदललंस तर तो स्लॉट कन्स्ट्रेंटमुळे अडकून राहील, मग फक्त रद्द न झालेल्या बुकिंगना लागू होणारा पार्शल युनिक इंडेक्स लागेल. टेबलं कागदावर काढून इथेच टाक, बघते मी.