चोर, कुलरचा स्टँड आणि कलम 41

*सोसायटीचा ग्रुप, मनीषनगर, नागपूर. रविवार सकाळ*

बी-103: काल रात्री अडीच वाजता कुलरच्या स्टँडवर पाय ठेवून वर चढत होता. खिडकीतून हात आत घातलेला मी डोळ्यानं पाहिला. ओरडलो तं उडी मारून पळाला.

सी-402: पळू काऊन दिलं? पोट्टे कुठं होते सगळे?

बी-201: पोट्ट्यांनी गेटपाशी धरला ना. खांबाला बांधून चांगला धुतला. डोक्यातून रक्त निघत होतं, तवा पोलीस आले.

सी-402: तिथंच संपवाले पाहिजे होता. आपल्या घरात घुसला तं आपल्याले अधिकार आहे.

ए-302 (वकील ताई): काका, अधिकार आहे, पण तुम्ही समजता तसा नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 41 पाहा. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घरफोडी होत असेल तर मालमत्ता वाचवताना चोराचा जीव गेला, तरी तो गुन्हा नाही. भिंत चढून घुसणं म्हणजे घरफोडीच, आणि खिडकीतून नुसता हात आत गेला तरी प्रवेश झाला.

सी-402: मग झालं तं!

ए-302: नाही झालं. कलम 37 म्हणतं, बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. आणि घरफोडीविरुद्धचा हा हक्क चोर आत आहे तोवरच. बी-103 च्या खिडकीशी हक्क होता. खांबाला बांधलेल्या माणसाकडून कोणाला धोका होता? तिथं मारलेला प्रत्येक फटका म्हणजे बचाव नाही, निव्वळ मारहाण. मेला असता तर खुनाची केस, निदान सदोष मनुष्यवधाची तरी. धरून मारणाऱ्या सगळ्या पोट्ट्यांवर.

बी-201: म्हणजे धरायचाही नाही?

ए-302: धरायचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 40, समोर दखलपात्र अजामीनपात्र गुन्हा (पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात आणि जामीन हक्कानं मिळत नाही असा) झाला तर सामान्य माणूसही अटक करू शकतो. पण विनाकारण उशीर न करता, सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली. आधी 112.

सी-105 काकू: आणि घरात एकटी असताना कोणी अंगावर आलं तं? मी काय कलम वाचत बसू का?

ए-302: नाही काकू. जीव जाण्याची, गंभीर दुखापतीची, बलात्काराची, अॅसिडची वाजवी भीती असेल तर कलम 38 तुमच्या बाजूनं आहे. पळून जायलाच पाहिजे असंही नाही. सुप्रीम कोर्टानं 2010 मध्ये दर्शन सिंग खटल्यात सांगितलंय की अशा वेळी माणूस किती जोरानं मारला ते सोन्याच्या काट्यावर तोलायचं नसतं. फक्त कोर्टात बचाव तुम्हालाच दाखवावा लागतो.

ए-504: मग 2004 मध्ये आपल्या नागपुरातच कस्तुरबा नगरच्या बायांनी वस्तीला छळणाऱ्या अक्कू यादव गुंडाला कोर्टातच मारलं, त्या तं सुटल्या ना?

ए-302: दहा वर्षांनी, 2014 मध्ये, पुराव्याअभावी. स्वसंरक्षण म्हणून नाही. पोलिसांनी कोर्टात आणलेला माणूस होता तो. त्या वस्तीनं जे भोगलं ते ऐकून मलाही राग येतो, पण आपल्या खिडकीवरच्या चोराशी त्याची तुलना करू नका.

सी-402: बरं, मग कंपाउंडच्या तारेत करंट सोडू. आपण हात लावलाच नाही, केस कायची?

ए-302: काका!! 1963 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. बिहारमधल्या एकानं आपल्या शौचालयाच्या वाटेवर उघडी तार टाकून करंट सोडला. शेजारच्या बाईचा जीव गेला, तिच्या स्वतःच्या शौचालयाची भिंत पडली होती म्हणून तिथं जायची. कोर्ट म्हणालं, परवानगीशिवाय आलेला माणूस म्हणजे कायद्याबाहेरचा माणूस नव्हे. त्याला शिक्षा झाली. इथं तं पोरं चेंडू काढायला भिंतीवर चढतात.

सी-402: हौ बाप्पा. राहू द्या.

सचिव: करंटचा विषय मीटिंगमधून काढला. ज्यांनी मारलं त्यांनी संध्याकाळी ताईंच्या घरी यावं, फोटो-व्हिडिओ ग्रुपवर टाकू नये. बी विंगच्या स्टँडना जाळी बसवू, फ्लॅटमागे 300 रुपये.

बी-103: जाळी लावा, कुलर काढाले सांगू नका. 44 डिग्री चालू आहे.

सी-105 काकू: 300 कोणाच्या हातात द्यायचे?