पुण्यातल्या प्लेगवर जेस्टोरमध्ये काही सापडेना

प्रश्न: एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी १८९७च्या पुण्यातल्या प्लेगवर इंग्रजी लेख हवेत. जेस्टोरवर (संशोधन-लेखांचा ऑनलाइन संग्रह) 'पुणे प्लेग' इंग्रजीत टाकलं, तर भलतंच समोर येतंय. दोन संध्याकाळी गेल्या. काय चुकतंय?

उत्तर: अगं, तेव्हाचे इंग्रज 'पुणे' कुठे लिहायचे? 'पूना' टाक. खरं तर दोन्ही स्पेलिंगं कंसात घाल, मध्ये 'ऑर' (कॅपिटलमध्येच), मग 'अँड' आणि प्लेग. मुंबई-बॉम्बेचंही तेच. मराठ्यांवर शोधताना मी 'महरट्टा' हे जुनं स्पेलिंग घातलंच नव्हतं. गाइडनी दाखवलं तेव्हा कपाळावर हात मारला.

उत्तर: त्यानेही ढीगभर आलं, तर पूना आणि प्लेग एकाच अवतरणचिन्हांत ठेवा आणि बंद करून लगेच, जागा न सोडता, ~ हे नागमोडी चिन्ह आणि १० लिहा. दोन्ही शब्द दहा शब्दांच्या आत आले असतील तेवढंच दिसेल. हे जेस्टोरपुरतं हं, शोधगंगेवर (भारतीय प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) चालेल असं धरू नका.

प्रश्नकर्ती: नागमोडी चिन्ह कीबोर्डवर सापडायलाच पाच मिनिटं लागली! पण पहिल्याच पानावर रँडच्या खुनापर्यंत पोचले. थँक्यू दादा, ताई.