अर्जंट: सर्व्हरवर पॅकेट ड्रॉप होतायत, मदत हवी आहे

वैतागलेला_अ‍ॅडमिन:
तीन दिवस डोकं फिरलंय. सर्व्हरवर पॅकेट ड्रॉप होतायत, म्हणजे नेटवर्कवरून आलेले डेटाचे तुकडे टाकून दिले जातायत. अकाउंटवाले ओरडतायत की फाइल उघडताना अडकते. नेटवर्क कार्ड बदललं, रीबूट केलं, फरक शून्य. केबल चांगली आहे, तपासली. जाणकारांनी लवकर सांगा, सोमवारी साहेबांना उत्तर द्यायचंय.

निवांत:
ओएस कुठली? ड्रायव्हर कुठला? ड्रॉप की एरर? दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत: ड्रॉप म्हणजे आलेलं टाकून दिलं, एरर म्हणजे नासकं आलं. आकडे टाका.

रिंगमास्टर:
आकडे कशाला? रिंग बफर (आलेली पॅकेट थांबतात ती कार्डाची रांग) २५६ असेल, एथटूल कमांडने ४०९६ करा. आमच्या बॅकअप सर्व्हरला हाच रोग होता, एका रात्रीत बरा झाला.

चाळकरी:
माझ्याकडे पण मॅच बघताना सारखं गोल फिरतं. राउटर कपाटावर ठेवला तर फरक पडेल का?

वैतागलेला_अ‍ॅडमिन:
डेबियन, ड्रायव्हर आयजीबी (इंटेल कार्डाचा), १ गिगाबिट. ४०९६ केलं. करताना लिंक पडली, सगळे बाहेर फेकले गेले, शिव्या खाल्ल्या. आकडे वाढतायतच. एरर ४१ हजारांच्या घरात. ड्रॉप रोज साधारण ४३ हजार, रविवारी ऑफिस बंद असतानाही तेवढेच.

निवांत:
रिंग बदलली की बरेच ड्रायव्हर कार्ड रीसेट करतात. रिंगमास्टर, हे आधी सांगायला हवं होतंत.
एथटूलला कॅपिटल एस देऊन आकड्यांची पूर्ण यादी बघा. मिस्ड किंवा नो-बफर (जागा नसल्याने सुटलेली पॅकेट) वाढत असेल तर रिंगचा विचार. सीआरसी (तपासणीचा आकडा न जुळलेल्या फ्रेम) वाढत असेल तर फ्रेम, म्हणजे केबलवरून जाणारं पॅकेट, वाटेतच नासतेय, तिथे बफर कितीही वाढवून उपयोग नाही.

रिंगमास्टर:
चालू सर्व्हरला भर दुपारी हात लावू नये, हेही मीच सांगायचं?

वैतागलेला_अ‍ॅडमिन:
भांडू नका हो. मिस्ड ०, नो-बफर ०. सीआरसी ४१,२१२, एररही तेवढेच. पण केबल नवीन आहे, टेस्टरचे आठही दिवे लागले!

पक्कड_काका:
नवीन म्हणजे दुकानातली तयार, की वायरमनने टोकांना प्लग दाबून क्रिंप केलेली? रंगांचा क्रम सांगा.

वैतागलेला_अ‍ॅडमिन:
वायरमननेच केली. नारिंगी जोडी, मग हिरवी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकांना सारखीच.

पक्कड_काका:
इथेच घोळ आहे. ३ आणि ६ नंबरच्या पिनांवर एकाच जोडीच्या, एकमेकींना पिळलेल्या तारा लागतात, म्हणून हिरव्या जोडीच्या पोटात निळी बसवतात. तुमच्या ३ वर हिरव्या जोडीतली तार आहे आणि ६ वर निळ्या जोडीतली. टेस्टर फक्त तार या टोकाची त्या टोकाला पोचली का ते बघतो. पीळ कुणाचा कुणाशी आहे ते त्या बिचाऱ्याला काय कळणार. केबल आखूड असेल तर लिंक लागतेही, पण एका जोडीचा आवाज दुसरीत शिरतो. ती केबल कात्रीने कापून टाका, नाहीतर कुणीतरी परत लावेल.

बी_नको_ए_हवा:
म्हणूनच रंग लावायच्या ए आणि बी पद्धतींपैकी मी सगळीकडे ए वापरतो.

पक्कड_काका:
अहो, ए असो की बी, ३-६ ची जोडी दोन्हीत एकत्रच असते. फक्त हिरवी-नारिंगी अदलाबदल.

निवांत:
राहिला ड्रॉप. दिवसाचे सेकंद ८६,४००. दर दोन सेकंदांना एक धरलं तर ४३,२००. स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये पॅकेट गोल फिरत राहू नयेत म्हणूनची सोय) चालू असलेला स्विच दर दोन सेकंदांनी 'हॅलो' नावाचा निरोप पाठवतो. सर्व्हरला त्याचं काही करायचं नसतं, आणि लिनक्सच्या कर्नल (गाभा) २.६.३७ पासून असे बेवारस फ्रेमही ड्रॉपमध्ये मोजले जातात. टीसीपीडम्प (येणारी पॅकेट दाखवणारं साधन) चालू ठेवून बघा; तो हे फ्रेमही घेतो, म्हणून ते बेवारस राहत नाहीत. आकडा थांबला तर तेच.

वैतागलेला_अ‍ॅडमिन:
तयार केबल लावली. तीन तास झाले, सीआरसी ४१,२१२ वरच. टीसीपीडम्प चालू असताना ड्रॉपही थांबतो, बंद केला की परत सुरू. काका, निवांत, धन्यवाद. पण मॉनिटरिंगवरचा लाल दिवा कसा घालवू? साहेब तोच बघतात.

निवांत:
अलार्म ड्रॉपवरून काढा, सीआरसी आणि मिस्डवर लावा.

रिंगमास्टर:
४०९६ मात्र राहू द्या. आणि कॉन्फिगमध्ये लिहा, नाहीतर रीबूटनंतर परत २५६.