मदत हवी आहे: बॅकअप स्टॅटिक राउट टेबलात येतो, तरी पिंग जात नाही

नमस्कार मंडळी,

दोन राउटर आहेत, अ आणि ब. दोन्हींवर सिस्को आयओएस (सिस्कोच्या राउटरची ऑपरेटिंग सिस्टीम). अ च्या मागे १९२.१६८.१०.०/२४, ब च्या मागे १९२.१६८.२०.०/२४. मधे दोन लिंक: मुख्य १०.०.०.०/३० (अ कडे .१, ब कडे .२) आणि बॅकअप १०.०.०.४/३० (अ कडे .५, ब कडे .६). मुख्य लिंकवर दोन्ही टोकांना एकेक स्विच आहे, बॅकअप थेट जोडलेली आहे.

अ वर स्टॅटिक राउट (हाताने लिहिलेले मार्ग) असे आहेत; शेवटच्या २०० मुळे दुसरा राउट पहिला नसेल तेव्हाच वापरला जातो:

आयपी राउट १९२.१६८.२०.० २५५.२५५.२५५.० १०.०.०.२
आयपी राउट १९२.१६८.२०.० २५५.२५५.२५५.० १०.०.०.६ २००

ब वर याच्या उलट. अ च्या मुख्य पोर्टची केबल काढली की अ च्या टेबलात बॅकअप राउट येतो, पण अ मागच्या पीसीवरून पलीकडे पिंग जात नाही. ट्रेसराउट (वाटेतले राउटर दाखवणारी आज्ञा) अ पर्यंत पोचतं, पुढे नुसते तारे. दोन्ही राउटरच्या केबली काढल्या तर मात्र सगळं सुरळीत! डायनॅमिक राउटिंग (राउटरांनी आपसात मार्ग ठरवणं) सध्या लावता येणार नाही. जाणकारांनी कृपया सांगावं, काय राहून जातंय?

उत्तर १

पॅकेट पलीकडे पोचतंय, उत्तर परत येत नाहीये. केबल काढलेली असताना ब वर 'शो आयपी राउट १९२.१६८.१०.०' देऊन बघा, अजून १०.०.०.१ च दिसेल. ब चं पोर्ट त्याच्या शेजारच्या स्विचला जोडलेलं असल्यामुळे ते अप राहतं, आणि इंटरफेस अप असेपर्यंत स्टॅटिक राउट टेबलातून हटत नाही. समोरचा राउटर एआरपीला (आयपी पत्त्यावरून हार्डवेअर पत्ता विचारणाऱ्या संदेशाला) उत्तर देत नसला तरीही. दोन्ही स्विचमधली लिंक तुटली तर अ वरही हेच होईल.

उपाय आयपी एसएलए, म्हणजे राउटरने ठरावीक वेळाने स्वतःच पिंग करून पाहणं; 'ट्रॅक' त्या पिंगचा निकाल राउटला जोडतो. अ वर:

आयपी एसएलए १
आयसीएमपी-एको १०.०.०.२
फ्रिक्वेन्सी १०
आयपी एसएलए शेड्यूल १ लाइफ फॉरएव्हर स्टार्ट-टाइम नाऊ
ट्रॅक १ आयपी एसएलए १ रीचेबिलिटी

मग मुख्य राउटची जुनी ओळ 'नो' लावून काढा आणि शेवटी 'ट्रॅक १' जोडून पुन्हा टाका. फ्रिक्वेन्सी दिली नाही तर ६० सेकंद धरली जाते, तेवढा वेळ फार होतो. ब वरही हेच हवं, तिथून १०.०.०.१ ला पिंग. एकाच बाजूला लावलंत तर आजचाच त्रास राहील.

उत्तर २

पिंगसाठी पलीकडच्या लॅनचा पत्ता, म्हणजे १९२.१६८.२०.१ वगैरे, देऊ नका. बॅकअप लागला की ते पिंग बॅकअपवरून यशस्वी होतं, ट्रॅक अप होतो, मुख्य राउट परत येतो आणि पुन्हा पडतो. हे चक्र थांबतच नाही. १०.०.०.२ मुख्य लिंकच्याच सबनेटमधला असल्याने ते पिंग बॅकअपने जात नाही.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. ब वर खरंच १०.०.०.१ च दिसत होतं. दोन्हीकडे ट्रॅक लावला, आता कुठलीही केबल काढली तरी पिंग सुरू राहतं. एकच शंका: मुख्य लिंक मधूनच क्षणभर येऊन पुन्हा जाते, तेव्हा राउट उगाच इकडून तिकडे होतो.

उत्तर १

ट्रॅक १ च्या खाली 'डिले अप ६०' द्या, दोन्ही राउटरवर. लिंक सलग मिनिटभर टिकली तरच मुख्य राउट परत येईल. 'डिले डाउन' (पिंग बंद पडल्यावर थांबायचा वेळ) मात्र लहानच ठेवा.