मदत हवी आहे: दुसरा कॅमेरा आत्ता घेऊ की दिवाळीपर्यंत थांबू?

मंडळी, जरा सल्ला द्या. मी गुहागरचा, माझ्याकडे कॅननचा १५००डी आहे, त्यावर ५५-२५० ही लांबचं टिपणारी लेन्स लावून समुद्रगरुड टिपतो पण मधेच किनाऱ्याचा फोटो घ्यायचा म्हटलं की लेन्स बदला, आणि वाऱ्याबरोबर वाळू आत, आता सेन्सरवर डाग बसलाय, प्रत्येक फोटोत आभाळात तोच ठिपका. म्हणून दुसरी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, घ्यायचं मनात आहे, सेकंडहँड पण चालेल. पण मृग तोंडावर आलाय, गेल्या पावसात कपाटातल्या किट लेन्सला (कॅमेऱ्याबरोबर मिळालेली) बुरशी लागली, आतून कोळ्याच्या जाळ्यासारखी, बघून पोटात कालवलं हो. आता हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवतो. मार्चमध्ये वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना टिपायचीच आहेत, तोवर हात बसायला हवा. कोकणात दोन बॉड्या सांभाळणाऱ्यांनी प्लीज सांगा, काय करू?