३०० चे ६०० करून पान सुधारत नाही

अक्षरवेडा:
जुन्या पुस्तकांच्या पुनर्मुद्रणावर लिहिताना इथल्या एका सदस्याने काल सल्ला दिला की, ३०० डीपीआयवर (एका इंचात ३०० ठिपके) काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केलेली पाने संगणकावर ६०० करून घ्यावीत, म्हणजे नव्या प्रिंटरवर ती स्वच्छ उमटतात. असे सल्ले पाळून निघालेली पुस्तके मी पैसे देऊन घेतो, म्हणून सविस्तर लिहितो. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये ठिपका असतो किंवा नसतो. कडेची करडी छटा स्कॅन होतानाच टाकून दिलेली असते. ३०० चे ६०० करताना एका ठिपक्याचे चार होतात, अक्षराच्या कडेवरच्या पायऱ्या आहेत तशाच राहतात आणि फाईल तेवढी फुगते. खरा घात ३०० चे ४०० करताना होतो. चार ठिपके जाडीचा काना ५.३३ ठिपक्यांचा होऊ शकत नाही, म्हणून तो कुठे ५ तर कुठे ६ ठिपक्यांचा होतो आणि एकाच ओळीत एक काना किरकोळ, शेजारचा ठळक दिसतो. शिरोरेषेचीही तीच गत होते, आणि ती प्रत्येक शब्दावरून जात असल्याने देवनागरीत हा दोष सबंध ओळीवर पसरतो. ६०० चे ३०० करताना तर एक ठिपका रुंदीची रेघ चार ठिपक्यांच्या चौकोनाचा बरोबर अर्धा भाग व्यापते. ती राहणार की जाणार, हे सॉफ्टवेअर बरोबरीचा निकाल कसा लावते यावर ठरते. माझ्याकडच्या एका पुनर्मुद्रित व्याकरणाच्या तळटिपांत ‘प्र’ आणि ‘प’ वेगळे ओळखता येत नाहीत. व्याकरणाच्या पुस्तकात हे अक्षम्य आहे.

ऑफसेटवाला:
आपले गणित मी खोडत नाही, पण दोष चुकीच्या माणसाच्या माथी मारला जात आहे. ए-४ आकाराचे पान ३०० वर काळ्या-पांढऱ्यात घेतले तर न दाबता साधारण १ एमबी होते. तेच ६०० वर करड्या छटेत घेतले तर ३५ एमबी. चारशे पानांच्या पुस्तकाचा हा भार कोणी उचलायचा? ग्राहक पेन ड्राइव्हवर पीडीएफ घेऊन येतो, मूळ प्रत तोवर ग्रंथालयात परत गेलेली असते आणि पुस्तक त्याला चार दिवसांत हवे असते. शिवाय आपण पाहिलेला जाड-बारीकपणा बहुधा छापतानाच आलेला असेल. प्रिंटच्या खिडकीत पान कागदात बसवणारा ‘फिट’ हा पर्याय निवडलेला असतो, पान ९७ टक्क्यांवर उतरते आणि दर तेहतीस ठिपक्यांमागे एक गळतो. प्रकाशक घरच्या प्रिंटरवर असे पान काढून आणतात आणि ट्रेसिंग पेपरवरून छपाईची प्लेट करा म्हणतात. मग नाव छापखान्याचे खराब होते.

दिवाळीअंकवाली:
आपण दोघेही अक्षरांवरच अडून बसला आहात. छायाचित्रांचे काय? माझ्या वडिलांच्या संग्रहातले दिवाळी अंक आम्ही स्कॅन करून घेतले, तेव्हा दुकानदाराने सगळी पाने सरसकट काळ्या-पांढऱ्यात घेतली. आर्ट पेपरवरच्या छायाचित्रांना बहुधा १३३ चा स्क्रीन असतो, म्हणजे छटा दाखवणाऱ्या छपाईच्या ठिपक्यांच्या इंचाला १३३ ओळी. त्या ठिपक्यांवर स्कॅनरचे ठिपके बसले आणि लेखकांच्या चेहऱ्यांवर चौकटीचौकटींची जाळी उमटली. ती आता कोणत्याही उपायाने निघत नाही. छायाचित्र करड्या छटेतच घ्यावे लागते, मूळ स्क्रीन मऊ करून घालवावा लागतो आणि नवा स्क्रीन छापताना द्यावा लागतो.

ऑफसेटवाला:
आणि तो नवा स्क्रीन आपण ६०० च्या लेझर प्रिंटरवर द्याल? १३३ च्या स्क्रीनला तिथे एका घरात (स्क्रीनच्या एका ठिपक्याच्या जागेत) जेमतेम साडेचार गुणिले साडेचार ठिपके मिळतात, म्हणजे सुमारे वीस छटा. त्यात चेहरा उमटत नाही, मुखवटा उमटतो. २४०० च्या सीटीपीवर (संगणकावरून थेट प्लेट करणाऱ्या यंत्रावर) १५० चा स्क्रीन दिला तर एका घरात १६ गुणिले १६ ठिपके बसतात, म्हणून तिथे चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो. त्या प्लेटचे पैसे द्यायची वेळ आली की संग्राहक गप्प होतात.

दिवाळीअंकवाली:
पैशांचा टोमणा अनाठायी आहे. आम्ही दुकानदाराने सांगितलेले पैसे मोजले होते. करड्या छटेत स्कॅन करता येते, हे त्याने विचारूनही सांगितले नाही. ते अंक हाताळताना आता तुटतात आणि पुन्हा काचेवर उपडे ठेवता येत नाहीत. गेलेला चेहरा कोणत्या सीटीपीवर परत येणार आहे, ते आपण सांगावे.

अक्षरवेडा:
‘फिट’बद्दलचे ऑफसेटवाल्यांचे म्हणणे मला मान्य करावे लागते, ९७ टक्क्यांचा आणि ४०० चा दोष एकाच जातीचा आहे. पण त्याने मूळ सल्ला बरोबर ठरत नाही. मूळ प्रत हाताशी नसेल, तर ३०० ची फाईल ३०० च राहू द्यावी आणि शंभर टक्क्यांवर छापावी. ६०० चे यंत्र आपले आपण एकाचे चार ठिपके करून घेते. मूळ प्रत हाताशी असेल, तर ३५ एमबीची तक्रार मी ऐकणार नाही. पुस्तक छापून झाल्यावर ती फाईल एका हार्ड डिस्कच्या कोपऱ्यात राहते, फाटलेली प्रत राहत नाही.

ऑफसेटवाला:
शंभर टक्क्यांवर छापायचे तर समास आधी मोजून द्या. जुन्या पुस्तकाचा आकार आजच्या कागदात बसत नाही, म्हणूनच लोक ‘फिट’ करतात. फाईल ३०० चीच ठेवावी, एवढे मी मान्य करतो. बाकीचे ग्राहकाने आधी ठरवून यावे.